प्रभाव कोणावर, हे आधी ठरवा : सेवा-विपणनातील संशोधनाचे मोजमाप

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या व्यवस्थापन महाविद्यालयात सेवा-विपणन शिकवणाऱ्या ज्येष्ठ मॅडम निवृत्त होत आहेत, एका पुरस्कारासाठी त्यांच्या नावाचा प्रस्ताव पाठवायचा आहे आणि प्रस्तावाच्या नमुन्यात ‘संशोधनाचा प्रभाव’ या मथळ्याखाली दोन पाने भरायची आहेत. गुगल स्कॉलर या मोफत शोधसेवेवर त्यांचा एच-इंडेक्स, म्हणजे लेख आणि त्यांना मिळालेले उल्लेख यांवरून काढलेला आकडा, स्कोपस या निवडक संशोधन-लेखांच्या डेटाबेसमधल्या आकड्याच्या दुपटीहून अधिक दिसतो. त्यांपैकी खरा कोणता धरायचा, आणि एका सहकाऱ्याने सुचवल्याप्रमाणे त्यांचे लेख ज्या नियतकालिकांत आले त्यांच्या इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज द्यावी का, असे तुम्ही विचारले आहे. व्यवस्थापन संस्थेच्या ग्रंथालयात प्राध्यापकांसाठी अशी टिपणे तयार करणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बेरजेविषयी, कारण तिचे उत्तर सरळ आहे : ती देऊ नका. इम्पॅक्ट फॅक्टर नियतकालिकाचा असतो, लेखाचा किंवा लेखकाचा नसतो. एखाद्या नियतकालिकात आधीच्या दोन वर्षांत आलेल्या लेखांना चालू वर्षात सरासरी किती सायटेशन (दुसऱ्या लेखांत आलेले संदर्भोल्लेख) मिळाली, एवढेच तो सांगतो. एकाच नियतकालिकातल्या मोजक्या लेखांच्या वाट्याला बहुतेक सायटेशन येतात आणि बाकीच्यांना फार थोडी मिळतात. त्यामुळे या सरासरीवरून त्यातल्या एका लेखाविषयी काहीच कळत नाही, आणि अशा सरासरींची बेरीज तर कशाचेच मोजमाप नसते. ज्यांना एकही सायटेशन मिळालेले नाही अशा दहा लेखांची बेरीजही भरघोस येऊ शकते. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत आकाराला आलेल्या आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या, संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या ‘डोरा’ जाहीरनाम्याची पहिली शिफारस हीच आहे, की नियतकालिकाचा आकडा व्यक्तीच्या कामाच्या मूल्यमापनात वापरू नये. प्रस्तावाच्या नमुन्यात तसा रकाना असलाच तर त्या रकान्यात तो भरून टाका. या दोन पानांत त्याला जागा देऊ नका.

दोन एच-इंडेक्सपैकी खोटा कोणताच नाही. दोन्ही आपापल्या संग्रहापुरते खरे आहेत. लेखकाच्या जास्तीत जास्त किती लेखांना प्रत्येकी निदान तेवढीच सायटेशन मिळाली आहेत, हे एच-इंडेक्स सांगतो. म्हणजे एच-इंडेक्स १२ असेल तर प्रत्येकी निदान १२ सायटेशन मिळालेले १२ लेख आहेत. स्कोपस निवडक नियतकालिके, काही परिषदांचे निबंधसंग्रह आणि काही पुस्तके घेतो आणि त्यांच्यातलीच सायटेशन मोजतो. गुगल स्कॉलर याखेरीज विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरचे प्रबंध, पुस्तके, कार्यपत्रे आणि कोणी चढवून ठेवलेल्या पीडीएफदेखील उचलतो. सेवा-विपणनात हा फरक अधिक ठळक दिसतो, कारण या विषयातले लिखाण बँका, रुग्णालये, हॉटेले, विमा आणि ग्रंथालये यांच्यावर काम करणारी मंडळी मोठ्या प्रमाणावर वापरतात, आणि त्यांचे प्रबंध व लेख बऱ्याचदा स्कोपसच्या कक्षेबाहेर असतात. म्हणून दोन आकड्यांमधले अंतर हीच एक माहिती समजा आणि ते अंतर कशाने भरले आहे हे उघडून पाहा.

ते पाहण्याआधी मात्र दोन्ही प्रोफाइल साफ करावी लागतील. स्कॉलरवर लेख आपोआप जोडण्याची सोय चालू असेल, तर आद्याक्षरे आणि आडनाव जुळणाऱ्या दुसऱ्या कोणाचे लेख यादीत येऊन बसतात. कुलकर्णी, जोशी, पाटील, देशपांडे अशा आडनावांच्या बाबतीत हे हमखास घडते. स्कोपसमध्ये बहुधा उलटे होते : एकाच व्यक्तीची दोन किंवा तीन प्रोफाइल तयार झालेली असतात, लग्नाआधीच्या नावाचे एक, संस्था बदलल्यानंतरचे दुसरे. मॅडमच्या बाबतीत हे आवर्जून तपासा. स्कोपसकडे दुरुस्तीची विनंती करता येते आणि ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा स्वतंत्र ओळख-क्रमांक) असेल तर काम सोपे होते. पुस्तकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांची सायटेशन स्कॉलरमध्ये विखुरलेली असतील तर ती एकत्र करा. हे झाले की दोन्ही आकडे थोडे हलतील, आणि त्यानंतरच त्यांच्याविषयी काही बोलण्यात अर्थ आहे.

परंतु तुमची खरी अडचण आकडा निवडण्याची नाही, असे मला वाटते. प्रभाव कशाचा पडला आणि कोणावर पडला, या दोन गोष्टी ठरल्याशिवाय कोणताही आकडा बोलत नाही. सेवा-विपणनाच्या अभ्यासकाचे काम आपल्याच विषयातल्या पुढच्या संशोधनाला वळण देऊ शकते, दुसऱ्या विषयात जाऊन रुजू शकते, वर्गात शिकवले जाऊ शकते किंवा प्रत्यक्ष सेवा देणाऱ्या संस्थेच्या कारभारात उतरू शकते. या सर्व ठिकाणी एकाच व्यक्तीची छाप सारखी उमटलेली क्वचितच आढळते, आणि प्रत्येक ठिकाणचा पुरावा निराळा असतो. मी स्वतः आकड्यांचा उपयोग ‘कुठे वाचायचे’ हे ठरवण्यासाठी करतो. प्रभावाविषयीचे विधान मात्र वाचल्यानंतरच लिहितो.

एच-इंडेक्सवर विसंबून काय निसटते, याचे बोलके उदाहरण याच विषयात आहे. लिन शोस्टॅक या प्राध्यापिका नव्हत्या. ‘ब्रेकिंग फ्री फ्रॉम प्रॉडक्ट मार्केटिंग’ हा त्यांचा लेख १९७७ साली ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये आला, तेव्हा त्या सिटीबँकेत उपाध्यक्षपदावर होत्या. वस्तूंसाठी घडलेली विपणनाची चौकट सेवांना जशीच्या तशी लागू पडत नाही, हे त्यांनी त्या लेखात ठामपणे मांडले. पुढे १९८४ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये त्यांनी सेवेचा आराखडा, म्हणजे सर्व्हिस ब्लूप्रिंट, कसा काढायचा हे दाखवले : सेवेतली एकेक पायरी क्रमाने मांडायची, ग्राहकाला दिसणारी कामे रेषेच्या वर ठेवायची, न दिसणारी खाली, आणि काम कोठे फसू शकते त्या जागा खुणावून ठेवायच्या. आज सेवेची रचना शिकवली जाते त्या वर्गात ती रेषा फळ्यावर येतेच. शोस्टॅक यांचे लेख मात्र मोजकेच आहेत, आणि एच-इंडेक्स लेखांच्या संख्येपलीकडे जाऊच शकत नाही. ज्या अभ्यासकाने मध्यम दर्जाची सायटेशन मिळवणारे तीसेक लेख लिहिले आहेत, तो या निकषावर शोस्टॅक यांच्या कितीतरी पुढे दिसेल. २००५ साली हा निर्देशांक सुचवणारे भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनीही आपल्या लेखात बजावले होते, की एकच आकडा माणसाच्या बहुपेडी कामाचा ढोबळ अंदाजच देऊ शकतो.

आपल्याकडे सध्या जगातल्या आघाडीच्या संशोधकांच्या ‘स्टॅनफर्डच्या दोन टक्के यादी’चा उल्लेख फार दिसतो, म्हणून तिच्याविषयी एक गोष्ट सांगतो. जॉन आयोनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कोपसच्या माहितीवरून तयार केलेल्या या यादीतला क्रम सहा घटकांवरून ठरतो, आणि त्यांतले तीन घटक लेखकाच्या क्रमाशी बांधलेले आहेत, म्हणजे पुढील लेखांना मिळालेली सायटेशन : एकट्याने लिहिलेले लेख, एकट्याने किंवा पहिल्या क्रमाने लिहिलेले, आणि एकट्याने, पहिल्या किंवा शेवटच्या क्रमाने लिहिलेले. प्रयोगशाळेत शेवटचे नाव प्रमुखाचे असते, म्हणून तिथे ही वाटणी समजण्यासारखी आहे. विपणनात तशी प्रथा नाही. सेवेची गुणवत्ता मोजण्याची मापनी, म्हणजे ठरावीक विधानांची प्रश्नावली, तयार करणाऱ्या ए. परशुरामन, व्हॅलरी झाइथामल आणि लिओनार्ड बेरी या त्रयीचे लेख पाहा. १९८५ आणि १९८८ सालच्या गाजलेल्या लेखांवर नावे परशुरामन, झाइथामल, बेरी या क्रमाने आहेत. १९९१च्या सुधारित मापनीच्या लेखावर परशुरामन, बेरी, झाइथामल. १९९६च्या लेखावर झाइथामल, बेरी, परशुरामन. पहिल्या दोन लेखांत झाइथामल मधल्या क्रमावर आहेत, म्हणून त्या प्रचंड सायटेशनचा वरच्या तीन घटकांत त्यांना काहीही लाभ मिळत नाही. १९८८ सालीच किंमत, गुणवत्ता आणि मूल्य यांविषयीचा त्यांचा एकटीचा लेख आला आणि तोही अतिशय गाजला, म्हणून त्यांच्या बाबतीत ही उणीव भरून निघते. तुमच्या मॅडमनी बहुतेक लिखाण विद्यार्थ्यांना पहिले स्थान देऊन आणि स्वतः मध्ये राहून केले असेल, तर यादीत नाव नसणे यावरून काहीही सिद्ध होत नाही. सहलेखक पुष्कळ असतील तर लेखकसंख्येने भागून काढलेला एच-इंडेक्स सोबत द्या. ॲन-विल हार्झिंग यांचे ‘पब्लिश ऑर पेरिश’ हे मोफत सॉफ्टवेअर तो काढून देते.

आता मुख्य कामाकडे वळू. मॅडमची तीन किंवा फार तर पाच कामे निवडा. निवड केवळ सायटेशनच्या उतरत्या क्रमाने करू नका. मॅडमना आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना विचारा, की ज्याच्यामुळे पुढे काही बदलले असे काम कोणते. मग प्रत्येक कामाला उद्धृत करणारे लेख काढा आणि ते निरनिराळ्या वर्षांतले, निरनिराळ्या विषयांतले असतील अशा बेताने त्यांच्यातून एक नमुना निवडा. प्रत्येक लेखात मॅडमचे नाव ज्या वाक्यात आले आहे ते वाक्य आणि त्याच्या आगेमागचा परिच्छेद वाचा. ‘समाधानी ग्राहक टिकून राहतो’ अशा सर्वमान्य विधानापुढे कंसात सहा नावे आणि त्यांतले एक मॅडमचे, असे असेल तर तो ओझरता उल्लेख आहे. त्यांची मापनी घेऊन कोणी मोजणी केली असेल तर ती साधनाचा वापर म्हणून नोंदवा. त्यांच्या मांडणीवर कोणी पुढची मांडणी उभी केली असेल, किंवा ती चुकीची आहे हे दाखवण्यासाठी लेख खर्ची घातला असेल, तर त्या नोंदी वेगळ्या ठेवा. प्रभावाच्या दृष्टीने त्याच सर्वांत मोलाच्या असतात. आजकाल यंत्राने अशी वर्गवारी करून देणाऱ्या सेवा निघाल्या आहेत. चाळणीसाठी त्या उपयोगी आहेत, पण सामाजिक शास्त्रांतली असहमती इतक्या सौम्य शब्दांत व्यक्त होते की यंत्र तिला साधा उल्लेख समजते. शेवटचे वाचन माणसानेच करायला हवे.

साधनाचा वापर आणि विचाराचा वापर यांतला फरक सेवा-विपणनात विशेष जपावा लागतो, कारण या विषयात मापनी तयार करणाऱ्या लेखांना इतर लेखांच्या मानाने फार मोठ्या संख्येने सायटेशन मिळतात. परशुरामन, झाइथामल आणि बेरी यांची सर्व्हक्वाल ही मापनी हे त्याचे ठळक उदाहरण. १९८५ साली या त्रयीने बँक, क्रेडिट कार्ड, रोखे दलाली आणि दुरुस्ती सेवा यांच्या ग्राहकांशी झालेल्या गटचर्चांवरून सेवेच्या गुणवत्तेचे दहा पैलू मांडले. १९८८ साली ‘जर्नल ऑफ रिटेलिंग’मध्ये त्यांनी ९७ विधानांपासून सुरुवात करून २२ विधानांची आणि पाच परिमाणांची मापनी दिली : दृश्य सुविधा, विश्वासार्हता, तत्परता, खात्री आणि आपुलकी. मापनीचा गाभा असा आहे, की तीच २२ विधाने दोनदा विचारायची. प्रथम अशा सेवेकडून ग्राहकाची अपेक्षा काय, आणि नंतर या विशिष्ट संस्थेत अनुभव काय. अनुभवातून अपेक्षा वजा केली की दरी मिळते, आणि ती दरी म्हणजे गुणवत्तेचे माप.

आता शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जाऊन सर्व्हक्वालचे नाव घेणारा बँकिंग सेवेवरचा एखादा प्रबंध उघडा आणि प्रस्तावना सोडून थेट परिशिष्टातली प्रश्नावली पाहा. तिथे ४४ प्रतिसादांची जागा असली पाहिजे. पुष्कळदा तिथे २२च आढळतात : ग्राहकाला फक्त ‘तुमचा अनुभव’ विचारलेला असतो, अपेक्षेचा रकानाच नसतो. म्हणजे प्रबंधात नाव सर्व्हक्वालचे घेतले आहे, सायटेशन १९८८च्या लेखाला दिले आहे, पण प्रत्यक्षात वापरली आहे ती जोसेफ क्रोनिन आणि स्टीव्हन टेलर यांची १९९२ची सर्व्हपर्फ पद्धत, जिचे म्हणणेच असे आहे की अपेक्षा मोजायची गरज नाही, केवळ कामगिरी मोजावी. एका लेखाचा प्रभाव दुसऱ्याच्या खात्यात जमा झालेला असतो आणि कोणत्याही सायटेशन-मोजणीला हे दिसत नाही. मॅडमनी एखादी मापनी तयार केली असेल, तर ती वापरणाऱ्या प्रबंधांची परिशिष्टे पाहणे अगदी आवश्यक आहे. विधाने जशीच्या तशी घेतली आहेत का, काही गाळली आहेत का, दुसऱ्या कोणाच्या नावाने तर वापरली नाहीत ना, हे त्याशिवाय कळणार नाही. हे काम चिकाटीचे आहे, पण प्रस्तावातले सर्वांत वजनदार वाक्य मला बहुधा याच कामातून मिळालेले आहे.

टीकेची सायटेशन लपवू नका, हेही इथेच सांगतो. सर्व्हक्वालवर क्रोनिन आणि टेलर यांच्याखेरीज अनेकांनी आक्षेप घेतले; परिमाणे खरोखर पाचच आहेत का, ती प्रत्येक सेवेत टिकतात का, दरी मोजणे संख्याशास्त्राच्या दृष्टीने योग्य आहे का, यावर वर्षानुवर्षे वाद चालला आणि १९९४ साली मूळ लेखकांनी ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये त्याला उत्तर दिले. ज्या लेखाचे खंडन करण्यासाठी विषयातल्या जाणत्या माणसांना एवढे श्रम घ्यावे लागतात, त्याचा प्रभाव निर्विवाद आहे. मॅडमच्या एखाद्या लेखाला कोणी अभ्यासपूर्ण विरोध केला असेल, तर तो प्रस्तावात प्रतिष्ठेने नोंदवा.

दुसऱ्या विषयात गेलेल्या प्रभावाचे, ग्रंथपाल या नात्याने मला अगदी जवळचे वाटणारे उदाहरण म्हणजे लिबक्वाल. अमेरिकेतील संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या ग्रंथालयांबरोबर २०००च्या सुमारास सर्व्हक्वालवरून ग्रंथालयांसाठी ही मापनी घडवली. तिच्यातही मुख्य प्रश्न २२च आहेत, पण प्रत्येकासाठी वाचकाकडून तीन आकडे घेतले जातात : निदान किती सेवा चालेल, किती हवीशी वाटते, आणि प्रत्यक्षात किती मिळते. किमान आणि इष्ट अपेक्षा वेगळ्या धरण्याची ही कल्पना याच त्रयीने १९९३ साली मांडलेल्या, अपेक्षांच्या सहनशीलतेच्या पट्ट्यातून आली आहे. परिमाणे मात्र पाचाची तीन झाली : सेवेतला जिव्हाळा, माहितीवरचे नियंत्रण आणि ‘जागा’ म्हणून ग्रंथालय. प्रभाव असा दाखवता येतो. कोणती कल्पना गेली, कोणत्या वाटेने गेली, तिथे तिच्यात काय बदल करावा लागला आणि तिचा उपयोग कोण करते, हे चारही दुवे यात हाताला लागतात. असाच दुसरा माग स्टीफन व्हार्गो आणि रॉबर्ट लश यांच्या २००४च्या लेखाचा काढता येतो, जो विपणनातून निघून सेवा-विज्ञानाच्या उभारणीत पोचला. आयबीएममधल्या संशोधकांनी त्या नव्या विषयाचा पाया मांडताना त्याचा आधार घेतला.

विषयांची तुलना करणारे निर्देशांकही तुम्हाला सुचवले जातील, विशेषतः स्कोपसचा फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट. त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या आणि त्याच प्रकारच्या लेखांच्या जागतिक सरासरीच्या तुलनेत या लेखाला किती सायटेशन मिळाली, हे तो सांगतो. १ म्हणजे सरासरीइतकी. कल्पना चांगली आहे. तथापि तो प्रकाशनाचे वर्ष आणि पुढची तीन वर्षे एवढाच काळ मोजतो, आणि सेवा-विपणनातले वैचारिक लेख त्यानंतर पिकतात. मेरी जो बिटनर यांचा सेवेच्या भौतिक वातावरणावरचा ‘सर्व्हिसस्केप’ लेख १९९२चा आहे आणि तो आजही रुग्णालयांपासून हॉटेलांपर्यंतच्या अभ्यासांत उद्धृत होतो. शिवाय थोडे लेख असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत एकच गाजलेला लेख सगळी सरासरी वर खेचतो. हा आकडा द्यायचाच असेल तर एकेका लेखाचा द्या आणि शेजारी वर्षागणिक सायटेशनचा आलेख जोडा. जुना लेख अजून वाचला जातो की नाही, हे त्या आलेखातून लगेच दिसते.

नियतकालिकांच्या याद्यांबद्दल थोडक्यात. ‘जर्नल ऑफ सर्व्हिस रिसर्च’ हे या विषयातले अग्रगण्य नियतकालिक ऑस्ट्रेलियातल्या व्यवसाय-शाखांच्या अधिष्ठात्यांच्या परिषदेने केलेल्या एबीडीसी यादीत सर्वोच्च श्रेणीत आहे, पण ‘फायनान्शियल टाइम्स’ने २०१६ साली ठरवलेल्या ५० नियतकालिकांत ते नाही. निवड समिती त्या ५०च्या यादीवरून विचार करणारी असेल, तर ही वस्तुस्थिती एका वाक्यात सांगून ठेवा. भारतापुरती विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची युजीसी-केअर यादी, जिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षातून चालत असे, २०२५ साली बंद झाली. आता एखादे नियतकालिक चांगले आहे असे म्हणायचे तर त्याचे कारण तुम्हालाच द्यावे लागेल.

जुनी पुस्तके आणि परिषदांतले निबंध यांची आठवण वेगळी ठेवा. ‘रिलेशनशिप मार्केटिंग’ ही संज्ञा बेरी यांनी १९८३ साली अमेरिकन मार्केटिंग असोसिएशनच्या सेवा-विपणनावरील परिषदेच्या निबंधसंग्रहात पुढे आणली. असे लिखाण मुख्य नोंदींत सापडत नाही. स्कोपसमध्ये ते ‘सेकंडरी डॉक्युमेंट्स’ या भागात आणि स्कोपससारख्याच वेब ऑफ सायन्स या डेटाबेसमध्ये उद्धृत संदर्भांच्या शोधात मिळते, तेही पाच-सहा निरनिराळ्या रूपांत लिहिलेले. मॅडमचे सुरुवातीचे काम परिषदांत झाले असेल तर हा शोध चुकवू नका. संस्थेकडे दोन्ही डेटाबेस नसतील तर ओपनॲलेक्स हा डेटाबेस मोफत आहे आणि अशा कामाला बऱ्यापैकी पुरतो.

संस्थांच्या कारभारावर पडलेला प्रभाव सिद्ध करणे सर्वांत कठीण, आणि सेवा-विपणनासारख्या व्यवहाराला जवळच्या विषयात तो सोडून देणे सर्वांत अन्यायाचे. ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या संशोधनाच्या ‘रीफ’ मूल्यमापनात विद्यापीठाबाहेर झालेल्या परिणामाला २०१४ साली २० टक्के आणि २०२१ साली २५ टक्के भार होता, आणि त्यासाठी मूळ संशोधनापासून बदलापर्यंतचा माग दाखवावा लागतो. तीच शिस्त तुम्ही पाळा. मॅडमनी एखाद्या नागरी सहकारी बँकेसाठी, रुग्णालयासाठी किंवा परिवहन सेवेसाठी तक्रार-निवारणाचा नमुना तयार केला असेल, तर आधीचा नमुना, नंतरचा नमुना, बदल लागू करणारे परिपत्रक आणि त्या काळच्या अधिकाऱ्याचे तारीखवार पत्र मिळवा. मराठीत लिहिलेली प्रशिक्षण-पुस्तिका, वर्तमानपत्रातली लेखमाला किंवा कर्मचाऱ्यांसाठी घेतलेले वर्ग कोणत्याच डेटाबेसमध्ये येत नाहीत, पण काउंटरवर बसणाऱ्या माणसापर्यंत बहुधा तेच पोचलेले असते. त्याची प्रत जोडा.

इथे एक काळजी घ्या. केंद्र सरकारच्या प्रशासकीय सुधारणा विभागाने २००६ साली आणलेल्या ‘सेवोत्तम’ चौकटीत नागरिकांची सनद, तक्रार-निवारण आणि सेवा देण्याची क्षमता असे तीन भाग आहेत. सेवा-गुणवत्तेवर लिहिणाऱ्या कोणाही अभ्यासकाला त्यात आपल्या विचारांची छाया दिसू शकते. साम्य हा पुरावा नव्हे. मॅडम एखाद्या समितीवर होत्या, त्यांच्या अहवालाचा उल्लेख अधिकृत कागदात आहे, असे काही हाती असेल तरच दावा करा. नसेल तर तो सोडून दिल्याने बाकीच्या दाव्यांची पत वाढते.

या सगळ्यात परिस्थितीवर अवलंबून काय आहे, तेही स्पष्ट करतो. हा प्रस्ताव पदोन्नतीचा असता तर नमुन्यातल्या आकड्यांना अधिक महत्त्व द्यावे लागले असते, कारण तिथे सर्वांना एकच पट्टी लावायची असते. पुरस्काराच्या समितीला मात्र या व्यक्तीचे वेगळेपण कळले पाहिजे. समितीत विपणनाबाहेरचे लोक असतील तर सर्व्हक्वाल काय हेही दोन ओळींत सांगावे लागेल. संशोधन मुख्यतः भारतीय संदर्भातले असेल तर सायटेशन कमी असणे स्वाभाविक आहे. अशा वेळी शोधगंगा, विद्यापीठांचे अभ्यासक्रम आणि संस्थांची कागदपत्रे यांना पुढे करा. समाजमाध्यमांवरच्या उल्लेखांचे आकडे मी सहसा देत नाही, कारण या विषयात ते कुतूहल दाखवतात, उपयोग नव्हे.

दोन पानांचा आराखडा मी असा करीन. पहिल्या परिच्छेदात मॅडमचे मुख्य प्रतिपादन साध्या भाषेत, आकड्याविना. त्यानंतर निवडलेल्या तीन कामांना प्रत्येकी एक परिच्छेद : काय मांडले, कोणी उचलले, त्याने काय केले. प्रत्येक परिच्छेदात निदान एक उद्धरण असे असावे, ज्यात दुसऱ्या अभ्यासकाने मॅडमच्या कामाचा खराखुरा उपयोग केला आहे. त्यानंतर एक परिच्छेद विद्यापीठाबाहेरच्या परिणामाचा. आकडे अगदी शेवटी, एका छोट्या तक्त्यात : स्कोपस आणि गुगल स्कॉलर दोन्हींचे, स्वसायटेशन (लेखकाने स्वतःच्याच लेखांचे केलेले उल्लेख) वगळून आणि धरून, आणि मोजणीची तारीख लिहून. दोन्ही एच-इंडेक्स शेजारीशेजारी द्या आणि अंतराचे कारण एका ओळीत सांगा. मोठा आकडा एकटाच दिला तर जाणकार परीक्षक छोटा शोधून काढतोच.

मसुदा झाला की सायटेशनची तुमची वर्गवारी मॅडमना दाखवा. कोणत्या लेखातला उल्लेख वरवरचा आहे आणि कोणी खरोखर काम पुढे नेले, हे त्यांना पत्रव्यवहारातून आणि परिषदांतल्या चर्चांतून ठाऊक असते. कागदावर ते उमटलेले नसते. प्रस्तावाची मुदत किती आहे हे तुम्ही लिहिलेले नाही. ती जवळ आली असेल तर तीन कामांऐवजी एकच घेऊन तेवढ्याचे वाचन नीट करा, आणि संस्थांकडून हवी असलेली पत्रे आजच मागवा, कारण जुन्या अधिकाऱ्यांचे पत्ते शोधण्यात आणि त्यांच्या उत्तराची वाट पाहण्यात सर्वांत जास्त वेळ जातो.